मांडूची खुरासानी चिंच

माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर, धार शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, मांडूचा प्राचीन दुर्ग आहे. जहाजमहाल, हिंडोळामहाल आणि होशंगशहाची संगमरवरी कबर पाहण्यासाठी तेथे गेलेल्या प्रवाशाची दृष्टी पुष्कळदा त्या इमारतींच्या आधीच एका विलक्षण वृक्षावर खिळून राहते. त्याचे खोड बुंध्याशी रांजणासारखे फुगलेले असते. वर जाता जाता ते एकाएकी निमुळते होते आणि त्याला आखूड, वेड्यावाकड्या फांद्या फुटतात. वर्षाचे कित्येक महिने या झाडावर एकही पान नसते, आणि त्या स्थितीत पाहणाऱ्यास वाटते की कोणी तरी हे झाड उपटून मुळे वर करून पुन्हा जमिनीत रोवले असावे. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला हिरवी पालवी फुटते. लांब देठांवर मोठमोठी पांढरी फुले लोंबू लागतात, ती सायंकाळनंतर उमलतात, आणि त्यांच्या परागसिंचनाचे काम मुख्यतः वटवाघळे करतात. मग कठीण कवचाचे, मखमली लव असलेले फळ धरते. ते फोडले तर आत पांढरा, कोरडा, पिठूळ गर निघतो. त्याची चव आंबट असते.

या आंबट गरामुळेच मांडूचे लोक त्या झाडास ‘खुरासानी इमली’ म्हणतात. महाराष्ट्रात त्याला गोरखचिंच हे नाव आहे, कारण गोरखनाथांनी त्याच्या छायेत शिष्यांना उपदेश केला अशी आख्यायिका आहे. वसईच्या किल्ल्यात आणि मुंबईत त्याचे जुने वृक्ष आहेत. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र त्याचे नाव आदान्सोनिया डिजिटाटा असे आहे. या तीन नावांपैकी पहिल्या दोहोंत चिंच आहे आणि तिसऱ्यात ती नाही. हा भेद केवळ भाषेचा नव्हे. सजीवांना नावे कशी द्यावीत आणि त्यांची नाती कशी ठरवावीत, यासंबंधी अडीचशेहून अधिक वर्षे चाललेला एक मोठा वाद या एका झाडाच्या नावांत साठवलेला आहे.

सामान्य मनुष्य वनस्पतींचे वर्गीकरण करीतच असतो, आणि ते तो जिभेने, नाकाने आणि उपयोगाने करतो. जे आंबट ते चिंच, जे कडू ते कडू. यात अडाणीपणा काही नाही. ज्याला झाडापासून अन्न आणि औषध मिळवायचे आहे त्याने दुसरे काय पाहावे? परंतु ही रीत नात्याची साक्ष देण्यास अपुरी पडते. कडूलिंब आणि कढीलिंब ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात. प्रत्यक्षात कढीलिंबाचे नाते आपल्या लिंबाशी आहे आणि कडूलिंबाचे कुल वेगळे आहे. विलायती चिंच मेक्सिकोकडून आली, तरी ती आपल्या चिंचेच्याच शिंबावंत कुलातली आहे. म्हणजे ‘विलायती’ म्हणवणारी चिंच ही चिंचेची खरी आप्त, आणि गोरखनाथांचे नाव लावणारी चिंच मात्र नात्यातली नव्हेच.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर गावी याच जातीचा एक पुरातन वृक्ष आहे, आणि तेथील लोक त्याला पारिजात म्हणतात. मराठी माणसाचा पारिजात म्हणजे केशरी देठाचे नाजूक फूल ढाळणारे अंगणातले लहानसे झाड. किंतूरच्या वैद्याने पुण्याच्या वैद्यास पत्र लिहून पारिजाताची साल मागविली, तर काय येईल याची कल्पना कोणालाही करता येईल. एकाच वस्तूस गावोगावी निराळी नावे आणि एकाच नावाच्या गावोगावी निराळ्या वस्तू, असा हा दुहेरी गोंधळ आहे. तो केवळ हिंदुस्थानात नव्हता. युरोपातही तो तितकाच होता.

१७२८ सालच्या नोव्हेंबरात आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, आणि पवार घराण्याच्या हाती पुढे धार व देवास येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात कार्ल लिनीअस नावाचा एक गरीब विद्यार्थी दाखल झाला होता. त्याचे वय तेव्हा एकवीस. त्याच्या काळी विद्वान लोक वनस्पतीस नाव देत ते नाव नसे, वर्णन असे. पानांचा आकार, देठाची लांबी, फुलांची मांडणी हे सारे एका लांबलचक लॅटिन वाक्यात गुंफले जाई, आणि नवे भावंड सापडले की जुन्याच्या वाक्यास आणखी दोन विशेषणे जोडावी लागत. अशी हजारो वाक्ये पाठ करणे कोणासही शक्य नव्हते. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात लिनीअसने प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या प्रजातीतील जातीचा. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची गणना आजही त्याच वर्षापासून धरतात.

ही द्विनाम पद्धती समजून घेण्यास माळव्याबाहेर जावे लागत नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंना देवास मिळाले, पुढे दोघांच्या वंशजांत वाटणी झाली, आणि एकाच गावात दोन राजे, दोन वाडे व दोन दरबार अशी चमत्कारिक व्यवस्था उभी राहिली. ती १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली. नुसते ‘देवास’ म्हटल्याने कोणाचे राज्य ते कळत नसे. म्हणून एक ‘देवास थोरली पाती’ आणि दुसरी ‘देवास धाकटी पाती’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. पहिल्या शब्दाने मूळ एक असल्याचे कळते, पुढच्या शब्दांनी शाखा निराळी असल्याचे कळते, आणि राजघराण्याचा सगळा इतिहास दर वेळी सांगत बसावे लागत नाही. धारचे पवार आणि देवासचे पवार हे पुन्हा एका कुलाचे, आणि त्या कुलाची परंपरा परमारांपर्यंत नेली जाते. लिनीअसने वनस्पतींना दिले ते याच जातीचे नाव होते. जातींची प्रजाती, प्रजातींचा गण, गणांचा वर्ग अशी त्याची उतरंड होती. गण आणि प्रजाती यांच्यामध्ये कुलाची पायरी पुढे इतरांनी बसविली.

नाव सुटसुटीत झाले. पण कोणाला कोणाशेजारी बसवावे हा प्रश्न उरला. येथे लिनीअसने एक युक्ती केली. फुलातील पुंकेसर मोजावेत, ते सुटे आहेत की जुळलेले आहेत ते पाहावे, आणि त्यावरून वनस्पतींचे चोवीस वर्ग करावेत. ही पद्धत शिकण्यास इतकी सोपी होती की भिंग आणि बोटे असलेला कोणीही मनुष्य दुपारभरात अनोळखी झाडाचा वर्ग सांगू शके, आणि तिच्या यशाचे रहस्यही तेच. परंतु सोपेपणाची किंमत द्यावी लागतेच. आपल्या चिंचेच्या फुलात कार्यक्षम पुंकेसर तीन असतात. त्यामुळे लिनीअसच्या ग्रंथात चिंच तीन पुंकेसरांच्या वर्गात जाऊन पडली, आणि तिच्या मांडीस मांडी लावून बसले केशर. थोडी पाने उलटली की त्याच वर्गात गहू. प्रचंड चिंचेचा वृक्ष, काश्मिरी केशराचा कंद आणि माळव्याचा गहू एका पंगतीत! ज्या शेतकऱ्याने या तिन्ही वनस्पती डोळ्यांनी पाहिल्या असतील त्याला हे वर्गीकरण हास्यास्पद वाटले असते, आणि ते योग्यच झाले असते. लिनीअसलाही ही रीत कृत्रिम असल्याचे ठाऊक होते. खऱ्या नात्यांचा शोध पुढे लागेल, तोपर्यंत हे कोष्टक कामचलाऊ म्हणून वापरावे, असे त्याचे धोरण होते.

या कोष्टकावर सर्वांत कठोर हल्ला ज्याने केला त्याचेच नाव मांडूच्या झाडास मिळाले.

मिशेल आदांसाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७२७ साली जन्मला. एकविसाव्या वर्षी त्याने फ्रेंच व्यापारी कंपनीत कारकुनाची नोकरी धरली आणि पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल गाठले. १७४९ पासून सुमारे पाच वर्षे तो तेथे राहिला. तेथील वोलोफ भाषा तो शिकला, तिचे शब्द त्याने टिपून घेतले, आणि झाडे, मासे, शिंपले, पक्षी जे दिसेल ते गोळा केले. तेथेच त्याने हे अजस्र झाड पाहिले. सोर बेटावरील एका वृक्षास त्याने दोन्ही हात पसरून कवटाळत मोजले, तेव्हा खोडाचा घेर तेरा वावा भरला. दुसऱ्या एका बेटावरील वृक्षांच्या सालीत जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावे त्याला सापडली. त्या अक्षरांवरून झाडाच्या वाढीचा वेग काढून त्याने अशा वृक्षांचे वय पाच हजार वर्षांहून अधिक असू शकेल असा अंदाज बांधला. हा अंदाज फार फुगलेला होता. आधुनिक रेडिओकार्बन मापनात या जातीच्या सर्वांत जुन्या वृक्षाचे वय अडीच हजार वर्षांच्या आसपास निघाले. पण झाडावर लिहिलेल्या नावांवरून झाडाचे वय काढण्याची त्याची कल्पना मोठी नामी होती, यात शंका नाही.

या झाडाचे फळ युरोपास त्यापूर्वीच परिचित होते. व्हेनिसच्या राज्यातील वैद्य प्रोस्पेरो आल्पिनी याने कैरोच्या बाजारात ते पाहिले होते आणि १५९२ साली ‘बाहोबाब’ या नावाने त्याचे वर्णन छापले होते. आदांसाँने झाडाचे सविस्तर वर्णन केल्यावर बेर्नार द झ्युस्य या त्याच्या गुरूच्या सूचनेवरून लिनीअसने १७५९ साली त्याला आदान्सोनिया हे प्रजातीनाम दिले. पान हाताच्या पंजासारखे, पाचसात बोटांचे, म्हणून जातिनाम डिजिटाटा. एखाद्या तरुण संशोधकास याहून मोठा सन्मान कोणता? जगातील सर्वांत स्थूल वृक्षांपैकी एक त्याच्या नावाने ओळखला जाणार होता. आदांसाँने मात्र तो स्वीकारला नाही. आपल्या ग्रंथात त्याने त्या झाडाचे नाव बाओबाब असेच ठेवले. त्याचे म्हणणे असे की ज्या देशात जे झाड उगवते त्या देशाच्या लोकांनी त्याला जे नाव दिले तेच खरे. स्टॉकहोममध्ये वा पॅरिसमध्ये बसून कोणा मित्राच्या नावाचा शिक्का त्यावर मारण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

१७६३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘वनस्पतींची कुले’ या ग्रंथात त्याने लिनीअसच्या मूळ तत्त्वासच हात घातला. एकच अवयव निवडून त्यावरून नाते ठरवणे म्हणजे केवळ नाक पाहून भाऊबंद ठरवण्यासारखे आहे. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी या सर्वांची साक्ष घ्यावी, आणि ज्यांचे अधिकाधिक बाबतीत जुळते त्यांना एका कुलात ठेवावे, हा त्याचा सिद्धांत. हे दाखवण्यासाठी त्याने निरनिराळ्या एकेका लक्षणावर आधारलेली पासष्ट कृत्रिम वर्गीकरणे मुद्दाम तयार केली, आणि त्यांची तुलना करून अठ्ठावन्न नैसर्गिक कुले मांडली. ग्रंथ थोर होता. पण त्याला वाचक मिळाले नाहीत, आणि त्याचा बराचसा दोष आदांसाँच्या हट्टी स्वभावाकडे जातो. त्याने द्विनाम पद्धती झिडकारली, नावे मनाला येतील तशी बनवली, आणि फ्रेंच भाषेचे शुद्धलेखनही स्वतःच्या मताप्रमाणे बदलून वापरले. जो मनुष्य एकाच वेळी शास्त्राशी आणि वर्णमालेशी भांडतो त्याला अनुयायी मिळणे कठीण. लिनीअसची नावे सोपी होती; जग सोप्याच्या मागे गेले.

फ्रेंच राज्यक्रांतीने आदांसाँची बाग आणि उपजीविका दोन्ही हिरावली. नव्या विद्वत्सभेने बोलावणे पाठवले तेव्हा पायात घालायला जोडे नाहीत म्हणून येता येत नाही, असे त्याने कळवल्याचे सांगतात. १८०६ साली तो पॅरिसमध्ये वारला. आपल्या थडग्यावर दुसरी कसलीही शोभा नको, आपण वेगळ्या ओळखलेल्या अठ्ठावन्न कुलांतील फुलांचा एक हार ठेवावा, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याचा सिद्धांत मात्र मेला नाही. बेर्नार द झ्युस्य यांचा पुतण्या आंत्वान याने १७८९ साली कुलांची मांडणी अधिक सुबोध करून छापली, आणि ती रूढ झाली. १८५९ साली डार्विनने सांगितले की वनस्पतींचे व प्राण्यांचे हे ‘कुल’ केवळ उपमा नव्हे. त्यांचे पूर्वज खरोखरच एक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक आले, तेव्हा सर्व लक्षणांना सारखे वजन देऊन वर्गीकरण करणाऱ्या संशोधकांनी आदांसाँलाच आपला आद्य पुरुष मानले. आणि त्यानंतर पेशीतील डीएनए वाचता येऊ लागल्यावर जिभेने, पुंकेसरांनी व पानांनी ठरवलेली सगळीच नाती पुन्हा तपासली गेली. पूर्वी काटेसावरीच्या शाल्मली कुलात गणले जाणारे मांडूचे झाड १९९८ सालच्या नव्या मांडणीत त्या सबंध कुलासह भेंडीच्या मोठ्या कुलात सामील झाले. तात्पर्य, खुरासानी चिंचेचे खरे आप्त म्हणजे भेंडी, जास्वंद, कापूस आणि काटेसावर. ज्या माळव्याच्या काळ्या जमिनीत शेतकरी कापूस लावतो तेथेच कड्यावर त्याचा हा अवाढव्य चुलता उभा आहे! या कुलाचे लॅटिन नाव मालव्हेसी असे आहे. त्याचा माळव्याशी संबंध नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे, कारण तसा मोह कोणालाही होईल. मजेची गोष्ट अशी की पुंकेसर मोजणाऱ्या लिनीअसनेही या झाडास जास्वंदीच्याच वर्गात ठेवले होते, कारण दोहोंचे पुंकेसर एका नळीत जुळलेले असतात. कृत्रिम कोष्टकही कधी कधी खरे बोलून जाते.

स्थानिक नावांविषयी आदांसाँचे जे म्हणणे होते त्याला हिंदुस्थानात एक थोर उदाहरण आधीच घडलेले होते. कोचीन येथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी नागरी लिपीत, कोकणी भाषेत लिहून दिलेले १६७५ सालचे प्रमाणपत्र त्या ग्रंथात जसेच्या तसे छापलेले आहे. त्यात चिंचेचे नाव ‘बालम्‌पुली’ असे मलबारी भाषेतच आहे. लिनीअसने चिंचेस नाव देताना त्या पानाचा आणि त्या चित्राचा हवाला दिला आहे. म्हणजे उप्सालाच्या टेबलावर जे ज्ञान पोहोचले त्यात गोमंतकाकडून गेलेल्या वैद्यकुलांचाही वाटा होता. नाव मात्र त्यांच्यापैकी कोणाचे राहिले नाही.

लिनीअसने चिंचेस दिलेले नाव टामारिंडस इंडिका. यातील पहिला शब्द अरबी व्यापाऱ्यांच्या ‘तमर-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, या शब्दावरून आला. दुसऱ्याचा अर्थ ‘भारतीय’. एकाच नावात हिंदुस्थानची दोनदा ग्वाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते चिंचेचे मूळ स्थान आफ्रिका! ती फार प्राचीन काळी इकडे आली आणि इकडचीच झाली. उलट मांडूची ‘खुरासानी इमली’ खुरासानची नव्हे आणि इमलीही नव्हे, तीही आफ्रिकेचीच. दोन्ही झाडे एकाच खंडातून आली, दोघांनी निरनिराळ्या देशांची खोटी नावे धारण केली. शास्त्रज्ञ आपल्या नावातील चूक दुरुस्त का करीत नाहीत, असे कोणी विचारील. नियम असा आहे की एकदा विधिपूर्वक प्रसिद्ध झालेले नाव अर्थाने चुकीचे ठरले तरी बदलू नये. नाव म्हणजे खूण, साक्षीपत्र नव्हे. हा नियम कठोर आहे, पण त्यावाचून दर पिढीला सारी नावे नव्याने शिकावी लागतील. त्याला अपवादही झाला आहे. २०२४ साली माद्रिद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘काफ्रा’ हे आफ्रिकी लोकांस अवमानकारक असलेले विशेषण दोनशेहून अधिक वनस्पती, कवके व शैवाले यांच्या नावांतून काढून त्याऐवजी ‘आफ्रा’ लिहावे असे मताधिक्याने ठरले. अक्षर एकच गेले. पण त्यासाठी मतदान घ्यावे लागले.

नाव ठेवणे आणि नाते सांगणे ही दोन कामे किती निराळी आहेत हे पाहायचे तर मांडूहून पश्चिमेकडे, त्याच धार जिल्ह्यातील बाघकडे वळावे. बाघ हे गाव बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या आसपासच्या खडकांत डायनोसॉरांची अश्मीभूत अंडी मिळतात. २०२३ सालच्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठातील भूवैज्ञानिक व त्यांचे सहकारी यांनी बाघ आणि कुक्षी यांच्या परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अंडी पंधरा ते सतरा सेंटीमीटर व्यासाची. ती घालणारे प्राणी लांब मानेच्या, शाकाहारी, प्रचंड डायनोसॉरांपैकी होते, एवढे कळते. पण अंड्याजवळ आईची हाडे मिळत नाहीत, आणि ज्या प्राण्यांची हाडे अन्यत्र मिळाली त्यांची अंडी ओळखता येत नाहीत. मग त्यांना नाव कसे द्यावे? शास्त्रज्ञांनी असे ठरविले की अंड्यांची स्वतंत्र वंशावळ करावी. कवचाची जाडी, त्यातील छिद्रे, स्फटिकांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अंड्यांच्याच जाती आणि प्रजाती पाडाव्यात. वरील संशोधनात अशा सहा जाती ओळखल्या आहेत. त्यांपैकी एकीला अशोक साहनी आणि आशु खोसला यांनी १९९५ साली बाघचे नाव दिले होते. आज ती ‘फ्युजिओओलिथस बाघेन्सिस’ म्हणून ओळखली जाते. आईचा पत्ता नाही, पण मुलाचे नाव नोंदले आहे, आणि त्यात गावही आहे.

त्याच भागातील पाडल्या गावचे शेतकरी शेतात सापडणारे असे गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत आले होते. काकड म्हणजे शेताचा शिवार, आणि त्याचा राखणदार तो भैरव. ती डायनोसॉरांची अंडी आहेत ही वार्ता २०२३ सालच्या अखेरीस वर्तमानपत्रांत आली, तेव्हा पुष्कळांनी त्या शेतकऱ्यांची थट्टा केली. ती थट्टा अस्थानी होती. इतर दगडांपासून हे दगड निराळे आहेत, ते एका जातीचे आहेत आणि जपून ठेवण्याजोगे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. वर्गीकरणाची पहिली पायरी तीच असते. शिवाय त्यांनी जपले म्हणूनच ते अभ्यासकांच्या हाती लागले.

मांडूच्या झाडाची वंशावळ मात्र आता बरीच स्पष्ट झाली आहे. या प्रजातीच्या आठ जाती मानतात. सहा फक्त मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेच्या भूमीवर, एक ऑस्ट्रेलियात. २०१२ साली काही संशोधकांनी आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील झाडांची फुले लहान आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी असल्याचे सांगून ‘आदान्सोनिया किलिमा’ ही नववी जात जाहीर केली. २०१६ साली दुसऱ्यांनी तीच झाडे पुन्हा तपासली आणि हा भेद टिकत नाही असा निर्णय दिला. २०२४ साली आठही जातींचे जनुकीय वाचन प्रसिद्ध झाले. त्यावरून मूळ घर मादागास्कर ठरते, आणि एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या प्रवाहांवरून एक शाखा आफ्रिकेस व एक ऑस्ट्रेलियास गेली असे दिसते. भारतातील झाडांचा जनुकीय अभ्यास २०१५ साली झाला. ती आफ्रिकेच्या जातीचीच आहेत, आणि ती एकदाच नव्हे तर अनेक वेळा, निरनिराळ्या किनाऱ्यांवरून, माणसांबरोबर इकडे आली असा त्याचा निष्कर्ष आहे. मांडूच्या सुलतानांच्या काळात आफ्रिकेचे लोक त्या गडावर होते; घियासुद्दीन खलजीच्या पदरी हबशी स्त्रियांचे सशस्त्र पथक होते असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. खुरासानच्या नावामागे मात्र बहुधा एवढाच अर्थ असावा की झाड परदेशाहून आले. परदेश म्हटला की त्या काळच्या दरबारी माणसाच्या तोंडी खुरासान येई, जसे पुढे आपल्याकडे सगळेच परके ते विलायती झाले.

हे सारे पांडित्य कागदावरच राहिले असते. पण २०२२ साली धार जिल्ह्यातील काही जुनी झाडे मुळांसकट उपटून, फांद्या छाटून, हैद्राबादकडील एका खाजगी उद्यानासाठी मोठ्या वाहनांवर चढवली जाऊ लागली. ग्रामस्थांनी, विशेषतः त्या भागातील भिल्लांनी, त्यास विरोध केला, आणि प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेले. अशा वेळी वर्गीकरणाचा प्रश्न एकाएकी जमिनीवर उतरतो. शास्त्रीय ग्रंथ म्हणतो की ही जात आफ्रिकेची आहे. मग ती येथे परकी म्हणायची काय, आणि परकी म्हणून तिचे संरक्षण कमी करायचे काय? त्या न्यायाने आपल्या अंगणातील चिंचही उपटावी लागेल, नावात दोनदा हिंदुस्थान असला तरी. जाती कोठून उगम पावली एवढेच वनस्पतिशास्त्र सांगते. कोणते झाड कोणाच्या दारचे, हे सांगण्याचा अधिकार त्याने कधीच मागितलेला नाही, आणि तो त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आदांसाँने हे दोन अधिकार वेगळे ओळखले होते. त्यासाठीच त्याने आपल्याच नावाचा मान परत केला.

परवान्यावर, पंचनाम्यावर आणि शास्त्रीय अहवालात मांडूच्या वृक्षाचे नाव आदान्सोनिया डिजिटाटा असे लिहावे लागते, नाही तर किंतूरचा पारिजात आणि पुण्याचा पारिजात यांची गल्लत व्हायची. गडाच्या वाटेवर टोपलीत ती लवदार फळे मांडून बसलेल्या बाया मात्र प्रवाशाला फळ फोडून गर चाखायला देतात आणि ते इमली म्हणूनच विकतात.